लहान शहरातल्या नागरी प्रश्नांत सामान्य माणसाने भाग कसा घ्यावा?

"ना ओळख, ना पक्ष, आमचं कोण ऐकणार?" असं तुम्ही विचारलंय. लहान शहरात उलट हे सोपं जातं. नगरसेवक काय, अभियंता काय, रस्त्यात समोरच येतो. तोंड चुकवायला जागा नसते.

सुरुवात एकाच प्रश्नाने करा. 'शहरात अंधार आहे' ही नुसती कुरकुर. 'अमुक गल्लीच्या कोपऱ्यावरचा, या क्रमांकाच्या खांबावरचा दिवा ९ दिवस बंद आहे' ही तक्रार. सोबत तारखेसह फोटो जोडा. नगरपालिकेत अर्ज लेखीच द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि आवक क्रमांक (अर्ज नोंदवल्याचा क्रमांक) घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी आश्वासनाचा पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार? पंधरवड्याने त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र द्या.

अर्जावर सह्या पन्नास मिळतील, प्रत्यक्ष सोबत यायला चारच जण उरतील. चालतं. चार पुरतात.

खरी मेख नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात असते. खर्च मंजूर झाल्यावर आरडाओरडा करणारे खूप, मंजुरीआधी सूचना देणारे विरळा. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९पासून वस्तीवस्तीच्या सभांमध्ये लोकच खर्चाचा अग्रक्रम ठरवू लागले, तेव्हा पाणी आणि सांडपाण्याची कामं यादीत वर आली. तुमच्याकडे तशी सोय नसली तरी अंदाजपत्रक मागून वाचा. कंटाळवाणं असतं, पण वाचा.

आणि हो, दिवा लागला की त्या कर्मचाऱ्याला आभाराच्या दोन ओळी लिहून द्या. पुढचा अर्ज नेताना तो ओळखतो.