अमेरिकेत मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलला एवढी गर्दी कशी होते? एखाद्या यशस्वी संघाचा इतिहास सांगाल का?

राष्ट्रीय विजेतेपदंच मोजायची तर कनेटिकट विद्यापीठाचा संघ सगळ्यांच्या पुढे आहे. तरीही मी टेनेसी विद्यापीठाच्या ‘लेडी व्हॉल्स’ या मुलींच्या संघाबद्दल लिहिते. गर्दी कशी जमली, हे तुम्ही विचारलंय आणि त्याचं उत्तर नॉक्सव्हिलमध्ये, म्हणजे या विद्यापीठाच्या गावी, जास्त स्पष्ट दिसतं. मी स्वतः कॉलेजकडून बास्केटबॉल खेळले आहे, आणि या संघाइतकं प्रेम मी दुसऱ्या कुठल्याही परदेशी संघावर केलेलं नाही.

१९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करण्याची त्याने बंदी केली. पण कायदा झाला म्हणून लगेच पैसा आला नाही. १९७४ मध्ये पॅट हेड नावाची २२ वर्षांची मुलगी पदव्युत्तर शिक्षणासाठी टेनेसीत आली. संघाला मदत करायची, एवढंच तिचं काम ठरलं होतं. मुख्य प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि आख्खा संघ तिच्या हातात आला. पगार महिना २५० डॉलर. संघाचे कपडे तीच धुवायची, गावोगाव जाणारी व्हॅन तीच चालवायची. खेळाडूंचे गणवेश डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. काही खेळाडू तिच्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान. पहिलाच सामना संघ मर्सर विद्यापीठाशी ८४-८३ असा एका गुणाने हरला. लग्नानंतर हीच मुलगी पॅट समिट या नावाने जगाला माहीत झाली.

त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. तंबाखूच्या शेतात राबायचं आणि रात्री गवताच्या माळ्यावर थोरल्या भावांशी बास्केटबॉल खेळायचं, असं त्यांचं बालपण. गावातल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी बिऱ्हाड शेजारच्या तालुक्यात हलवलं. पुढे गुडघ्याची मोठी दुखापत झाली, तरी प्रशिक्षकाचं काम सांभाळून त्यांनी स्वतःचा सराव चालू ठेवला आणि १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळून रौप्यपदक मिळवलं.

आता एक गोष्ट, जिच्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. त्या काळी टेनेसीच्या शाळांमध्ये मुलींचं बास्केटबॉल सहा-सहा जणींचं असे. तिघी फक्त आक्रमणाच्या अर्ध्या मैदानात, तिघी फक्त बचावाच्या. मधली रेषा ओलांडायची नाही. म्हणजे बचावातली मुलगी शाळेची सगळी वर्षं खेळूनही एकदासुद्धा बास्केटकडे चेंडू टाकत नसे! कॉलेजात मात्र पूर्ण मैदानाचा, पाच जणींचा खेळ. अशी अर्धीच तयार झालेली मुलगी घेऊन करायचं काय? नियम बदलला नाही तर आपल्याच राज्यातल्या मुली संघात घेणार नाही, अशी ठाम भूमिका समिट यांनी घेतली. ज्या राज्याच्या पैशावर विद्यापीठ चालतं त्याच राज्याला असं सांगायला धैर्य लागतं. १९७९ मध्ये नियम बदलला. माझ्या मते त्यांच्या आठही विजेतेपदांपेक्षा हे काम मोठं आहे, कारण त्याचा फायदा राज्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलीला झाला.

पहिलं राष्ट्रीय विजेतेपद यायला तेरा मोसम लागले. त्याआधी संघ सात वेळा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोहोचला होता. १९८०, १९८१ आणि १९८४ मध्ये तर अंतिम सामन्यात हरला होता. अखेर १९८७ मध्ये ऑस्टिन शहरात लुइझियाना टेक विद्यापीठाला ६७-४४ असं हरवून पहिला करंडक आला. आपल्याकडे दोन मोसम हातात काही लागलं नाही की प्रशिक्षक बदलतात. तिथे विद्यापीठाने त्यांना वेळ दिला आणि त्याही ३८ मोसम तिथेच राहिल्या.

शिस्त कडक होती. वर्गाला दांडी मारायची नाही आणि बसायचं पहिल्या तीन रांगांत. त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. एवढा दरारा असूनही मुली त्यांना ‘कोच’ न म्हणता ‘पॅट’ म्हणत, आणि तसं त्यांनीच सांगितलेलं असे.

गर्दीचं म्हणाल, तर टेनेसीत महिलांच्या खेळांचा विभाग कितीतरी वर्षं पुरुषांपासून वेगळा होता. त्यांची संचालक वेगळी, अंदाजपत्रक वेगळं, देणग्या गोळा करणारी माणसंही वेगळी. पुरुषांच्या संघातून उरलेल्या पैशावर त्यांचं चालत नव्हतं, त्यामुळे प्रेक्षक स्वतःच मिळवावे लागले. १९८७ च्या डिसेंबरमध्ये नव्या थॉम्पसन-बोलिंग अरीनात टेक्सासविरुद्धच्या सामन्याला २४ हजारांवर लोक आले. तो सामना टेनेसी हरली, पण लोक येत राहिले.

पुढची विजेतेपदं आली १९८९, १९९१, मग १९९६, १९९७, १९९८ अशी सलग तीन, आणि कँडेस पार्कर ही खेळाडू असताना २००७ व २००८ मध्ये. मिशेल मार्सिनियाकची हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९९० मध्ये समिट तिला संघात घ्यायचं म्हणून पेनसिल्व्हेनियात तिच्या घरी गेल्या, तेव्हा त्यांचे दिवस भरत आले होते आणि तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या विमानात वैमानिक म्हणाले, व्हर्जिनियात उतरू. त्या म्हणाल्या, मुळीच नाही! त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या संघाने टेनेसीला स्पर्धेबाहेर काढलं होतं. मुलगा नॉक्सव्हिललाच जन्मला. मिशेल आधी दुसऱ्या विद्यापीठात गेली, पण नंतर टेनेसीत आली आणि १९९६ च्या विजयात चमकली.

कनेटिकटशी १९९५ पासून जी चुरस लागली, तिने हा खेळ देशभर घरोघरी पोहोचवला. चार अंतिम सामन्यांत टेनेसी त्यांच्याकडून हरली, हेही खरं.

२०११ मध्ये, ५९ व्या वर्षी, समिट यांनी आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं स्वतः जाहीर केलं. त्याही अवस्थेत एक मोसम त्या संघासोबत होत्या आणि १,०९८ विजयांवर थांबल्या. २८ जून २०१६ रोजी त्या गेल्या. २००८ नंतर संघ शेवटच्या चारांत पोहोचलेला नाही.

यूट्यूबवर एखादा सामना शोधणार असाल तर १९९८ चा अंतिम सामना सोडा. त्या वर्षी टेनेसीने ३९ पैकी ३९ सामने जिंकले, शमीक होल्ड्सक्लॉ आणि तमिका कॅचिंग्ज या दोघी एकाच संघात, मग चुरस कसली? त्याऐवजी १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धेतला कनेटिकटविरुद्धचा विभागीय अंतिम सामना बघा. समोरचा संघ तोवर अपराजित, आणि टेनेसी त्या मोसमात दहा सामने हरलेली. टेनेसीने तो ९१-८१ जिंकला.