आधी डबी संपव

अगं,

रात्री साडेअकराला गालावर चमक आणणाऱ्या हायलायटरच्या डबीचा फोटो आणि खाली एवढंच, "ताई, टाकून देऊ का?" अर्धी वापरलेली डबी, मधोमध पत्रा दिसायला लागलेला. नको टाकूस. आधी संपव.

त्यातली चमक अभ्रकाची, खरंय. झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे बायका-पोरं जमीन उकरून ढिबरा, म्हणजे अभ्रकाचे तुकडे, वेचतात, त्यातलीही असेल. २०१६ मध्ये तिथल्या बेकायदा खाणींत मुलं दबून मेल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. पण डबीचे पैसे कंपनीला कधीच पोचलेत. आता टाकून फक्त तुला बरं वाटेल.

ते बरं वाटणं मला चांगलं ठाऊक आहे. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीने ४५ वर्षांनी नाव बदललं, तेव्हा मला चेव आला. पार्लरमधल्या गोरं करणाऱ्या सगळ्या ट्यूबा घंटागाडीत टाकल्या, फोटो काढला, वाहवा झाली. आदल्या लगीनसराईपर्यंत मीच मुलींना सांगत होते, "दोन शेड उजळशील बघ!" एक सावळी पोरगी ब्लीचने गाल चरचरत असताना हूं की चूं न करता बसली होती. तिची माफी मी घंटागाडीकडे मागितली, तिच्याकडे नाही.

म्हणून म्हणते, आधी संपव. तोवर कंपनीला लिही, अभ्रक कुठल्या खाणीतलं? गुळमुळीत उत्तर आलं की पुन्हा लिही. आणि डबीवरच्या सशाला, म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केल्याच्या खुणेला, भुलू नकोस. प्राण्यांवर चाचण्या करायला आपल्याकडे २०१४ पासूनच बंदी आहे. ससा सशापुरतं बोलतो, ढिबरा वेचणाऱ्या पोराबद्दल नाही.

लश या ब्रिटिश सौंदर्यप्रसाधन कंपनीने कृत्रिम अभ्रक धरलं, तोही एक रस्ता. पण ज्या घराची चूल ढिबऱ्यावर पेटते, तिथलं गिऱ्हाईक गेलं तर पोर शाळेतच जाईल कशावरून? मला हे सुटलेलं नाही. तुला एका रात्रीत सुटलं असेल तर धन्य आहेस.

तू विचारशीलच, मग ब्लीच अजून ठेवता ना? ठेवते. गाळ्याचं भाडं ब्लीचवरच निघतं. मी नाही म्हटलं तर बाई दुसरीकडे जाऊन चट्टे घेऊन येते. मी निदान आधी कानामागे लावून बघते. 'गोरेपणा' हा शब्द मात्र माझ्या दरपत्रकावर नाही, आणि येणारही नाही. हसू नकोस.

रविवारी डबी घेऊन ये. कडेला चिकटलेलं बारीक ब्रशने कसं खरवडायचं ते दाखवते.

तुझी ताई