वसतिगृहातल्या लोखंडी लॉकरसाठी भोक न पाडता लाकडी कप्पा

भाऊ, जळगावच्या वसतिगृहातला तुमचा लॉकर आतून १४ इंच रुंद, १७ इंच खोल, ३० इंच उंच. आत एकही कप्पा नाही म्हणून पुस्तकं, कपडे, डबा सगळं एकावर एक, आणि भोक पाडायला मनाई. भोकाची गरजच नाही. लॉकरच्या तळावर स्वतःच्या पायांवर उभी राहील अशी घोडी करा: बाजूला दोन फळ्या, वर एक, मागे एक पट्टी. खोली सोडताना उचलून नेता येते.

मात्र तुम्ही दिलंय ते पोटाचं माप आहे. लाकूड कापायचं ते तोंडाच्या मापाने. लोखंडी लॉकरच्या दाराच्या चौकटीला पत्रा आत दुमडलेला असतो, त्यामुळे तोंड पोटापेक्षा अरुंद असतं. १४ इंची घोडी बनवलीत तर ती दारातच अडेल, आणि जोडून झालेली वस्तू तिरकी करून घालू म्हटलं तर कोपरे आणखी जागा मागतात. दार पूर्ण उघडा, बिजागरीच्या बाजूला दाराची जाडी किती आत येते तेही बघा, आणि तोंडाची रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी भरेल ती खरी. त्यातून दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वजा करा. समजा तोंड १२ इंच ६ सूत निघालं, तर घोडी साडेबारा इंच रुंद. दोन्ही बाजूंना पाऊण पाऊण इंच मोकळं राहील, राहू द्या. कापण्याआधी पुठ्ठ्याची घोडी करून आत सरकवून बघा.

घोडीची खोली, म्हणजे पुढून मागे, १५ इंच पुरे. मागे इंचभर हवा खेळली पाहिजे, नाहीतर ओल्या टॉवेलचा वास पावसाळाभर जात नाही. पुढे इंचभर सोडलं की दाराच्या आतला आरसा फळीला आपटत नाही.

लाकडाचं म्हणाल तर १२ मिलीमीटरचा प्लाय घ्या. एवढ्याशा अंतरावर पुस्तकांच्या वजनाने तो वाकत नाही. ८ बाय ४ फुटांची अख्खी शीट विकत घेऊ नका. फर्निचर करणाऱ्या सुताराकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. मापं कागदावर लिहून न्या आणि त्याच्याच मशीनवर कापून घ्या, कड सरळ मिळते. हातकरवतीने प्लायचा पापुद्रा निघतो.

घरी सागाच्या जुन्या फळ्या असतील तर त्याही उत्तम, पण आपली हवा विसरू नका. वैशाखात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा लाकूड आटतं, आषाढ-श्रावणात फुगतं. फुगतं ते रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून वरच्या फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे ठेवा, म्हणजे फुगवटा मागे-पुढे जाईल, तिथे जागा आहेच. १५ इंचाची एकच फळी शोधण्यापेक्षा पाच-पाच इंचाच्या तीन पट्ट्या सूतभर अंतर ठेवून बसवा.

आता जोडणी. वरची फळी साडेबारा बाय १५, बाजूच्या १५ बाय १२ उंचीच्या. वरची फळी बाजूंच्या डोक्यावर बसू द्या, म्हणजे वजन लाकडावर येतं, स्क्रूवर नाही. मागची पट्टी साडेअकरा इंच लांब, तीन इंच रुंद, वरच्या फळीला खालून चिकटून. ही पट्टी अनेक जण वाचवायला बघतात, आणि मग घोडी डावी-उजवीकडे डुलते. तिच्याशिवाय जोडणी करूच नका. फेव्हिकॉल लावा, गुण्याने काटकोन बघा, आधी बारीक भोक पाडा आणि मगच दीड इंची बारीक स्क्रू पिळा. प्लायच्या कडेत थेट स्क्रू घातला तर थर फाटतात. फेव्हिकॉल लावलेला सांधा एक दिवस तसाच ठेवा. सागाच्या पट्ट्या असतील तर त्या फक्त स्क्रूने बसवा, फेव्हिकॉल नको.

पॉलिश पेपरने कडा गोल करा, कपडे अडकत नाहीत. वर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचं (लाखेचं) पॉलिश द्या. ते लवकर वाळतं आणि बंद लॉकरमध्ये वास धरत नाही. त्यावर गरम डबा ठेवला तर पांढरा डाग पडतो, तेव्हा डबा खालीच ठेवा. अळशीचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या हवेत सुट्या पसरून वाळवा.

पायांखाली रबराचे तुकडे चिकटवा. फरशी पुसताना पाणी आत येतं आणि प्लायची कड तेच आधी पिते. चाव्या, पट्टा टांगायला हुक हवे असतील तर चुंबकाचे आणा, लोखंडी पत्र्याला ते नुसते चिकटतात.