मुदपाकखान्यातला खोटा पाक

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: लग्नाच्या हॉलबाहेर मराठी पाटी लावायची आहे, ‘केटरर’ऐवजी ‘आचारी’ लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. आचारी स्वयंपाक करतो. केटरर सगळ्या जेवणावळीचा मक्ता घेतो, आचारी आणि वाढपी तोच आणतो. ‘जेवणाचे मक्तेदार’ लिहा आणि मोकळे व्हा. हल्ली पंगतीत ‘ए केटरिंग, इकडे सोलकढी आण’ अशी हाक ऐकू येते, ती मात्र ऐकवत नाही. समोर माणूस उभा आहे, त्याला वाढपी म्हणा.

‘केटरर’चा मूळ अर्थही रांधणारा नाही. जुन्या फ्रेंचमधला ‘अकातूर’ म्हणजे खरेदी करणारा. इंग्रजीत त्याचा आरंभीचा ‘अ’ गळाला आणि ‘केटर’ उरला: बड्या घराण्यासाठी बाजारहाट करणारा कारभारी. ‘करणारा’ हा अर्थ त्या ‘केटर’च्या शेवटातच होता, तरी पुढच्यांनी आणखी एक ‘अर’ चिकटवला.

अशीच दुहेरी जोडणी आपल्या मुदपाकखान्यात आहे, आणि मला बोलायचं आहे ते त्याबद्दल. शिवकालीन अठरा कारखान्यांत हा एक, सरकारी स्वयंपाकघराचा. ‘मुद म्हणजे आनंद, आनंदाने केलेला पाक तो मुदपाक’ असं आमचे संस्कृतप्रेमी विद्वान छातीठोकपणे सांगतात. साफ चूक! मूळ शब्द अरबी ‘मतबख’. त-ब-ख या धातूचा अर्थ शिजवणे, आणि आधीचा ‘म’ जागा दाखवतो, जसा मदरशात आणि मशिदीत. म्हणजे मतबख हेच स्वयंपाकघर. त्याला वर फारसी ‘खाना’ जोडला. मतबखचा मुदबख झाला आणि मुदबखचा मुदपाक. माझं मत असं, की हा शेवटचा बदल नुसत्या जिभेने केलेला नाही. सोवळ्यातल्या आचाऱ्यांच्या आणि कारकुनांच्या कानाला ‘पाक’ ओळखीचा होता, म्हणून त्यांना ‘बख’मध्ये तोच ऐकू आला. (भटारखान्यातला ‘भट’ही भटजी नव्हे. तो भट्टीवरच्या भटियाऱ्याचा आहे.)

खरा पाक कुठे आहे, तर गोव्यातल्या ‘कुजनेर’, म्हणजे स्वयंपाकी, या शब्दात! भाषाशुद्धीवाल्यांना तो खटकतो. पोर्तुगीज ‘कोझिन्येइरो’चा अपभ्रंश म्हणून तो टाकायचा आणि ‘पाककर्मी’ आणायचा, असा त्यांचा आग्रह. पण ‘कोझिन्या’, म्हणजे स्वयंपाकघर, लॅटिन ‘कोक्विना’तून आलं. त्याचा धातू ‘कोक्वेरे’, शिजवणे. हा धातू आणि आपला ‘पच्’ सख्खे भाऊ आहेत. लॅटिनमध्ये पुढच्या ‘क्व’च्या ओढीने आरंभीच्या ‘प’चाही ‘क’ झाला. ओढूनताणून लावलेला संबंध वाटत असेल तर संस्कृत ‘पञ्च’ आणि लॅटिन ‘क्विंक्वे’ शेजारी ठेवून पाहा. नियम तोच. तेव्हा ‘पाक’ आणि ‘कुजनेर’ एकाच धातूचे, आणि ‘मुदपाक’ मात्र परका. ज्याला घरचा म्हणून मिरवता तो बाहेरचा निघाला आणि बाहेरचा म्हणून हाकलता तो रक्ताचा, हे शुद्धीवाल्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावं.

शिवाय कुजनेर हा नुसता कोशातला शब्द नाही. गोव्याचे कुजनेर मुंबईला गेले, धोबीतलावच्या परिसरात आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहिले, बोटींवर आणि हॉटेलांत रांधून त्यांनी घरं चालवली. असा धंद्यातून कमावलेला शब्द पुसून तिथे ‘पाककर्मी’ बसवणं मला मुळीच मान्य नाही. हिंदू घरात ‘रांधपी’ आहेच, तो संस्कृत ‘रन्धन’चा. दोन्ही खुशाल वापरा.