तीन महिन्यांच्या कामासाठी वर्षभराचा करार नको

सप्रेम नमस्कार,

शाळेच्या शताब्दीनिमित्त माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून जमलेल्या 45,000 रुपयांत 25 मिनिटांचा माहितीपट करायचा आहे, बहुतेक चित्रण मोबाइलवर झाले असून निवृत्त शिक्षकांच्या काही मुलाखती उरल्या आहेत, आणि तीन महिन्यांच्या संकलनासाठी अॅडोबी प्रीमियर प्रो या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरचे सबस्क्रिप्शन घ्यावे का, असे आपण विचारले आहे. ते घेऊ नये, असे माझे मत आहे.

रोज संकलन करूनच पोट भरणाऱ्याला हा खर्च परवडतो. आपली अडचण कराराच्या स्वरूपात आहे. पैसे भरण्याच्या पानावर दिसणारा कमी मासिक आकडा बहुधा वार्षिक कराराचा हप्ता असतो आणि पहिल्या 14 दिवसांनंतर तो करार मोडल्यास उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम भरावी लागते. हप्ता 2,000 रुपये धरला, तर तीन महिन्यांचे 6,000 आणि उरलेल्या 18,000 चे निम्मे 9,000, म्हणजे एकूण 15,000 रुपये, अर्थात वर्गणीचा तिसरा हिस्सा. सुटा महिना घेता येतो, पण त्याचा दर चढा असतो, आणि शताब्दीची कामे ठरल्या मुदतीत उरकतात असा अनुभव फारसा कोणाला नसावा.

ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे दा विंची रिझॉल्व्ह हे संकलनाचेच दुसरे सॉफ्टवेअर मोफत आवृत्तीतही 3840×2160 पिक्सेलपर्यंतचा व्हिडिओ वॉटरमार्कशिवाय, म्हणजे चित्रावर कंपनीचा छाप न उमटवता देते. शाळेच्या सभागृहातील प्रोजेक्टरसाठी एवढे पुष्कळ झाले. मात्र ते ग्राफिक्स कार्डावर बराच भार टाकते. आपल्या 8 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर ते अडखळले, तर त्यापायी हप्त्यावर नवा लॅपटॉप घेऊ नका. ‘नो कॉस्ट’ म्हटलेल्या हप्त्यांतही व्याजाच्या भागावर 18 टक्के जीएसटी लागतोच. त्याऐवजी केडेनलाइव्ह हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या आणि त्यात प्रॉक्सी क्लिप सुरू करा, म्हणजे संकलन हलक्या प्रतींवर होते आणि अंतिम व्हिडिओ मूळ चित्रणातूनच तयार होतो. काहीही खरेदी करण्याआधी दोन मिनिटांचा एक प्रसंग दोन्हींत कापून पाहा.

वाचलेल्या पैशांतून आधी चांगला कॉलर माइक घ्यावा, कारण वयोवृद्ध शिक्षकांचा क्षीण आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाला तर कोणतेही सॉफ्टवेअर तो पूर्णपणे परत आणू शकत नाही. त्यानंतर दोन बाह्य हार्ड डिस्क घेऊन त्यांपैकी एक शाळेत आणि दुसरी आपल्या घरी ठेवावी. रिझॉल्व्हची 295 डॉलरची सशुल्क स्टुडिओ आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळते. पुढे दरवर्षी स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण करायचे ठरले, तरच तिचा विचार करावा, आणि तोही वर्गणीतून नव्हे, शाळेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून.