वाचकांचे प्रश्न : वाहनांविना डोंगर, कालवे आणि जलाशय

प्रश्न : मी आणि माझे पती निवृत्तीनंतर सामान लादलेल्या सायकलींवर लांबचा प्रवास करू लागलो आहोत. मोटारींच्या वर्दळीची धास्ती वाटते, म्हणून आठवडाभराचा असा मार्ग हवा आहे, ज्यावर वाहने नाहीत, पण डोंगर, कालवे आणि जलाशय तिन्ही भेटतात. माहितीपत्रकांत प्रत्येक मार्ग सोपाच असतो. प्रत्यक्षात चढ किती असेल, हे घरबसल्या कसे ओळखावे?

उत्तर : ती वाट मुळात कोणासाठी बांधली होती, हे आधी शोधावे. वाहनविरहित लांब मार्गांपैकी फार थोडे सायकलींसाठी नव्याने आखलेले असतात. बहुतेक वाटा दुसऱ्याच कामासाठी निर्माण झाल्या : मालाच्या होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी कालव्याच्या काठी राखलेली वाट, रूळ काढून घेतल्यावर उरलेला रेल्वेचा भराव, किंवा धरणाच्या बांधकामासाठी सामान वाहून नेणारा मार्ग. या प्रत्येकाची चढाची सवय ठरलेली असते आणि ती कळली की नकाशा बराचसा आपोआप वाचता येतो.

वाफेच्या इंजिनाला शंभर मीटरला दोन मीटरांहून अधिक चढ जड जात असे, त्यामुळे जुन्या रेल्वेमार्गावर त्याहून तीव्र चढ क्वचितच मिळतो. अमेरिकेतील ग्रेट ॲलेघनी पॅसेज हा पिट्सबर्ग ते कंबरलंड असा सुमारे 240 किलोमीटरांचा मार्ग ॲलेघनी पर्वत ओलांडतो आणि पूर्वेकडील जलविभाजकावर, म्हणजे जिथून पाणी दोन वेगळ्या दिशांना वाहू लागते त्या माथ्यावर, 729 मीटर उंची गाठतो. आकडा ऐकून दडपण येते, पण पिट्सबर्गकडून येताना ही उंची 200 किलोमीटर अंतरात विभागलेली असल्याने बहुतेक ठिकाणी चढ जाणवतही नाही.

कालव्याचे गणित याहून सोपे आहे. लॉक म्हणजे होडीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढवणारी-उतरवणारी दरवाजांची कोठडी. दोन लॉकच्या मधले पाणी सपाट असते, म्हणून काठची वाटही सपाट असते, आणि सगळा चढ लॉकच्या दरवाजांपाशी, छोट्या पण तीव्र उंचवट्यांत साठलेला असतो. कंबरलंडहून पुढे वॉशिंग्टनपर्यंत जाणाऱ्या चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या 297 किलोमीटरांत 74 लॉक आहेत आणि एकूण उंचीतील फरक सुमारे 184 मीटर आहे, म्हणजे एका लॉकला सरासरी अडीच मीटर. नकाशावर लॉकच्या खुणा मोजल्या की चढाचा अंदाज येतो. त्या जिथे एकमेकींना चिकटून येतात, तिथे मात्र सावध राहावे : फ्रान्समध्ये बेझिएजवळ फोंसेरान येथे कालवा जेमतेम 300 मीटरांत 21 मीटरांहून अधिक उतरतो आणि सामानासह तिथे वर येणाऱ्याला पायउतार व्हावे लागले, तर त्यात कमीपणा काहीच नाही.

बोगदा ही कालव्यावरची दुसरी फसवी जागा. कालवा डोंगराच्या पोटातून जात असला, तरी काठची वाट त्याच्यासोबत जाईलच असे नसते. इंग्लंडमधील हडर्सफील्ड नॅरो कालव्यावरचा स्टँडेज बोगदा 1811 मध्ये खुला झाला, त्याची लांबी 5 किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यात घोड्यांसाठी वाट ठेवलेलीच नव्हती. नावाडी होडीत आडवे पडून भिंतीला पाय लावत ती पुढे ढकलत आणि घोड्याला डोंगरावरून पलीकडे नेत असत. आज सायकलस्वारालाही त्या घोड्याप्रमाणे डोंगर चढूनच पलीकडे जावे लागते, आणि सपाट कालव्याच्या भरवशावर दिवस आखणाऱ्याची दुपार तिथे खर्ची पडते.

खरी फसगत मात्र जलाशयाच्या काठी होते. पाणी सपाट दिसते, म्हणून वाटही सपाट असेल असे आपण धरून चालतो. काठचा रस्ता वनखात्याचा किंवा देखभालीचा असेल, तर तो प्रत्येक ओहोळापाशी आत वळतो, खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. असे लहान चढ दर शंभर मीटरला आठ-दहा मीटरांचेही असू शकतात, पण एकूण उंचीच्या आकड्यात ते लपून जातात. म्हणून जलाशयाकाठी आधी जुन्या रेल्वेची खूण शोधावी. वेल्समधील एलान खोऱ्यात बर्मिंगहॅम शहराच्या पाण्यासाठी धरणे बांधताना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खास रेल्वे घातली गेली होती. 1904 मध्ये या योजनेचे उद्घाटन झाले. त्या रेल्वेच्या जागेवरून आज रायेडर गावापासून सुमारे 14 किलोमीटरांची वाट एकामागून एक धरणांच्या कडेने वर जाते आणि डोंगर उभे असूनही पायांना त्रास होत नाही. इथले पाणी पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर, सुमारे 117 किलोमीटर दूर बर्मिंगहॅमला पोहोचते आणि एवढ्या अंतरात ते जेमतेम 52 मीटर खाली येते. इतक्या मंद उतारावर पाणी वाहते ठेवण्याचे त्या अभियंत्यांचे कसब पाहून मला आजही मनापासून आदर वाटतो.

या तिन्ही प्रकारांना जोडणाऱ्या मार्गावर सांधे तपासावेत. वेल्समधीलच कार्डिफ ते ब्रेकन हा सुमारे 88 किलोमीटरांचा टॅफ ट्रेल नदीकाठ, जुनी रेल्वे, जंगलवाट, टॅलीबाँट जलाशय आणि अखेरीस कालवा असा बदलत जातो. टॅलीबाँटच्या वरची जुनी रेल्वे 38 मीटरला एक मीटर अशी 11 किलोमीटर चढत असे, म्हणजे रेल्वेच्या मानाने हा विलक्षण तीव्र चढ होता. एक वाट संपून दुसरी सुरू होते तिथे थोडे अंतर मोटारींच्या रस्त्यावरूनही काढावे लागते, त्यामुळे माहितीपत्रकातील ‘वाहनविरहित’ या शब्दावर न विसंबता असे तुकडे नकाशावर मोजून घ्यावेत.

आपल्या आठवड्यासाठी माझी पहिली पसंती दक्षिण फ्रान्समधील कनाल दु मिदीला आहे. पिएर-पॉल रिके यांच्या योजनेनुसार 1666 ते 1681 या काळात बांधलेला हा 240 किलोमीटरांचा कालवा नोरूझ येथे, समुद्रसपाटीपासून अवघ्या 189 मीटरांवर, जलविभाजक ओलांडतो. त्या माथ्यावर पाणी आणण्यासाठी मोंतान्य न्वार डोंगराच्या पायथ्याशी सँ-फेरेओलचा जलाशय बांधला गेला आणि तिकडचे पाणी आणणाऱ्या पाटाच्या काठानेही सायकल चालवता येते. तुलूजहून निघून नोरूझपर्यंत यावे, एक दिवस पाटाच्या काठाने जलाशयाकडे जाऊन यावे आणि मग समुद्राकडे उतरावे : डोंगर, पाट, जलाशय आणि कालवा असे एकाच योजनेचे सगळे भाग यात पाहून होतात. सावधगिरी दोन गोष्टींची. तुलूजकडील पहिले सुमारे 50 किलोमीटर डांबरी आहेत, पुढे मातीची वाट आणि झाडांची मुळे आहेत. शिवाय काठच्या चिनार वृक्षांना लागलेल्या बुरशीच्या रोगामुळे हजारो झाडे तोडावी लागली असून काही पट्ट्यांत सावली उरलेली नाही.

प्रश्न : ग्रेट ॲलेघनी पॅसेजवर कोणत्या दिशेने जावे?

उत्तर : पिट्सबर्गहून कंबरलंडकडे. उलट दिशेने गेल्यास सुमारे 38 किलोमीटरांत 540 मीटर चढावे लागते. माथ्याजवळचा बिग सॅव्हेज बोगदा हिवाळ्यात बंद ठेवतात, म्हणून तारखा ठरवण्यापूर्वी तो उघडला आहे का, हे पाहावे. कंबरलंडच्या पुढे चेसापीक आणि ओहायो कालव्यावरचा पॉ पॉ बोगदा सुमारे 950 मीटरांचा असून आत दिवे नाहीत आणि वाट अरुंद आहे. तिथे दिवा लावून सायकल हाताने ढकलत नेणेच योग्य.

प्रश्न : अशा वाटांसाठी टायर आणि गिअर कसे असावेत?

उत्तर : टायर निदान 35 मिलिमीटर रुंदीचे असावेत आणि त्यांतील हवा डांबरी रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवावी. पावसानंतर मातीच्या वाटेवर चिखल मडगार्डमध्ये अडकतो, म्हणून टायर आणि मडगार्ड यांत बोटभर जागा सोडावी. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढचे दातेचक्र मागच्याएवढे किंवा त्याहून लहान असावे. दोन्ही समान असतील, तर पेडलच्या मिनिटाला 60 फेऱ्या मारताना सायकल ताशी साडेसात किलोमीटरांच्या आसपास चालते आणि सामानासह चढताना त्याहून वेग लागतही नाही.

पॅनिअर बॅगांची, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या बॅगांची, एकूण रुंदी निघण्यापूर्वी मोजून घ्यावी, कारण मोटारसायकली रोखण्यासाठी वाटेच्या तोंडाशी बसवलेली फाटके अनेकदा इतकी अरुंद असतात की बॅगा उतरवल्याशिवाय सायकल पलीकडे जात नाही. कालव्यावरच्या कमानी पुलाखाली वाट वळते आणि समोरचे दिसत नाही, तेव्हा घंटी वाजवून वेग कमी करावा आणि पायी चालणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे.