परदेशात यूपीआय आहे का, यापेक्षा तुम्हाला ते कधी वापरता येईल ते बघा

तुम्हाला जर्मनी आणि स्वीडन, दोन्हीकडून नोकरी आली आहे आणि तिथे यूपीआयसारखं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी आधी स्टॉकहोमला होतो, आता काही वर्षं जर्मनीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झटपट पैसे पाठवायची सोय आता बहुतेक मोठ्या देशांत आहे. ब्रिटनमध्ये ती २००८ पासून आहे, आपलं यूपीआय २०१६ चं, ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेचं पिक्स २०२० चं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचं फेडनाऊ यायला मात्र २०२३ उजाडलं. नव्या माणसाचं घोडं अडतं ते त्यात शिरताना.

स्वीडनमध्ये स्विश २०१२ पासून आहे, फोन नंबरवर क्षणात पैसे जातात. पण स्विशला स्वीडिश बँकेतलं खातं आणि बँकआयडी, म्हणजे बँकेकडून मिळणारी डिजिटल ओळख, लागते, बँकआयडीला तिथला व्यक्तिक्रमांक लागतो, आणि तो मिळवायला कर खात्यात नोंदणी करावी लागते, तीही मुक्काम किमान वर्षभराचा असेल तरच. माझे कित्येक आठवडे यात गेले. ऑफिसात वर्गणी निघाली की सगळे फोनवरून पैसे देऊन मोकळे व्हायचे आणि मी नोट पुढे केली की ती कुणालाच नको असायची. फार परकं वाटायचं तेव्हा. म्हणून पोचल्याबरोबर पहिलं काम नोंदणीचं करा.

जर्मनीत सगळा कारभार आयबॅनवर, म्हणजे २२ अक्षरं-आकड्यांच्या खाते क्रमांकावर. काही ठिकाणी फक्त गिरोकार्ड, म्हणजे जर्मन बँकांचं डेबिट कार्ड, घेतात, आपलं क्रेडिट कार्ड नाही, तेव्हा थोडी रोकड जवळ असू द्या.

लास्टश्रिफ्ट नीट समजून घ्या. तुम्ही परवानगी देता आणि कंपनी दर महिन्याला तुमच्या खात्यातून स्वतःच पैसे काढून घेते. सुरुवातीला मला याची धास्तीच वाटायची. एका व्यायामशाळेने सभासदत्व संपल्यावरही पैसे कापले. बँकेच्या ॲपमध्ये ती नोंद उघडली, रक्कम परत मागितली आणि ती खात्यात आली. आठ आठवड्यांच्या आत कारण न देता असे पैसे परत मागता येतात. परवानगीच दिली नसेल तर १३ महिन्यांपर्यंत. मात्र तेवढ्याने करार रद्द होत नाही, तो वेगळा लेखी संपवावा लागतो.

आपण स्वतः पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण नाही. घर न बघता अनामत पाठवून फसलेले लोक मी पाहिलेत. ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतो का ते दाखवावं लागतं. जुळत नाही असं दिसलं तर हात आवरा, घरमालक कितीही घाई करो.

निघण्याआधी भारतातल्या बँकेशी बोलून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यायची तयारी ठेवा. अनिवासी झाल्यावर साधं खातं तसंच चालवता येत नाही. परदेशी नंबरवर यूपीआय वापरू देण्याची सोय जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांसाठी जाहीर झाली, त्यात हे दोन्ही देश नव्हते. भारतातलं सिम बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार भारतातूनच सुरू करून घ्या.

आणि दोन्ही कंपन्यांना आजच विचारा: खातं उघडायला उशीर झाला तर पहिला पगार कसा देणार? माझा पहिला पगार त्यामुळेच लांबला होता.